आत चार

परवा दुपारी मी रियाधच्या ओलाया भागातल्या ऑफिसात एका बँकेसाठी केलेला अहवाल तपासत बसलो होतो, तेवढ्यात रास अल खैरहून फोन आला. बोलणारा आमच्या जुन्या साइटवरचा सध्याचा सेफ्टी ऑफिसर होता. मी त्याला ओळखत नव्हतो, तो मात्र मला नावानिशी ओळखत होता.

"सर, आप अंदर हैं या बाहर?"

मी म्हटलं, अंदर. सतराव्या मजल्यावर, एसीखाली.

"नहीं सर, कंटेनर में. पेपर के हिसाब से अंदर चार आदमी हैं. उसमें आपका भी नाम है."

प्रकार असा होता. प्रोजेक्ट संपला, कॅम्प मोडला, जागा मोकळी करायची म्हणून सगळे कंटेनर क्रेनने उचलून नेले. लाँड्रीमागचा एक तेवढा राहिला. त्याच्या दारावर प्लास्टिकच्या पाकिटात एक परमिट लटकत होतं, बंदिस्त जागेत शिरण्याचं. आत गेलेल्यांच्या रकान्यात चार नावं, चार सह्या, शिरल्याच्या चार वेळा. बाहेर आलेल्यांचा रकाना कोरा. क्रेनवाल्याने ते वाचलं आणि इंजिन बंद केलं.

"अरे, मग दार उघडून बघा ना," मी म्हटलं.

"देखा सर. खाली है. लेकिन पेपर पे चार हैं."

बाहेरच्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. मी त्या साइटवर सहा वर्षं कागदपत्रं सांभाळली, त्यामुळे मला तो वाटला नाही. कागदावर माणूस आत असेल तर ती जागा हलवायची नाही, हा नियम आहे आणि त्या नियमामुळे जीव वाचलेले आहेत. आता एक तर आम्ही चौघांनी बाहेर आल्याची सही पाठवायची, नाहीतर ज्यांनी परमिट दिलं त्यांनी ते लेखी बंद करायचं. सही आली की गुरुवारी कंटेनर भंगारात. सही येईपर्यंत तो तिथेच उभा राहणार आणि त्या बिचाऱ्या ऑफिसरच्या नावाने वरून रोज एक मेल येणार.

परमिट देणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे देश कायमचा सोडून, कोकणात निघून गेले होते. उद्या कळवतो म्हणून मी फोन ठेवला. पुढे अहवालात लक्ष लागेना. त्या माणसाने नोकरीत एकही परमिट उघडं सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. मग हेच एक कसं राहिलं?

सगळा कॅम्प त्यांना 'सेफ्टी' म्हणायचा. साइटवर माणसाला नावापेक्षा हुद्दा लवकर चिकटतो. मूळचे दाभोळच्या बाजूचे, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटक, दाढीला मेंदी. पांढरं हेल्मेट इतकं कायमचं की शुक्रवारी नमाजाला ते टोपी घालून निघाले की नवी माणसं त्यांना ओळखायची नाहीत आणि त्यांच्यासमोरच बेल्ट न लावता गाडी चालवून पकडली जायची.

साइटवर गाडी नेहमी उलटी लावायची, तोंड रस्त्याकडे, म्हणजे पळायची वेळ आली तर वळवत बसायला नको. सेफ्टीसाहेब हा नियम चपलांनाही लावत. मेसच्या दारात सगळ्यांच्या चपला कशाही पडलेल्या आणि त्यांच्या तेवढ्या बाहेर तोंड करून शिस्तीत उभ्या. पुढे पुढे ते आमच्याही फिरवून ठेवू लागले. जेवून बाहेर आलं की पाय थेट चपलेत जायचा. आम्ही हसायचो, पण सुटीवर घरी गेलो तेव्हा माझ्याच हाताने सासऱ्यांचे बूट फिरवून ठेवले आणि बायकोने मला वर्षभर ऐकवलं.

मे महिन्यात कुणाच्या तरी हाती त्यांच्या घरून आंब्याची पेटी यायची. आंबे सगळ्यांना मिळत, पण कापून. कापायचे ते स्वतः, चाकूने न फाटणारे राखाडी हातमोजे घालून. चोखून खायला बंदी नव्हती, मात्र कोय इकडेतिकडे टाकली तर घसरून पडण्याचा धोका या सदराखाली तुमचं नाव वहीत जायचं.

दोन खोडी त्यांना अगदी घट्ट चिकटलेल्या. वॉकीटॉकी कधी वापरायचे नाहीत. "हवेत बोललेलं हवेत जातं. लिहून दे," असं म्हणून समोर कागद सरकवायचे. आणि कुणी पाठमोरं किंवा मान खाली घालून बोललं की हात वर करून थांबवायचे. "माझ्याकडे बघून बोल. बोलताना तोंड दिसलं पाहिजे." आम्हाला वाटायचं, साहेबी थाट आहे. सदा तर त्यांची नक्कलही करायचा.

त्यांचं एक वाक्य कॅम्पात सगळ्यांना पाठ होतं. "काम सुरू करायला सही लागते, थांबवायला लागत नाही." म्हणजे काही धोक्याचं दिसलं तर झाडूवाल्यानेही मॅनेजरचं काम हात वर करून थांबवावं. तसं कार्डच त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात अडकवलं होतं. या वाक्याने पुढे आमचं वाटोळं होणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

परमिटवरचे आम्ही चौघे म्हणजे एक बँड, आणि तो रोमेलने सुरू केला. रोमेल फिलिपिनो, गेज आणि मीटर दुरुस्त करणारा टेक्निशियन. त्याच्याकडे लाल गिटार होतं आणि स्का-पंक नावाचं वेड. मला बेस गिटार कॉलेजपासून थोडंफार यायचं, एवढ्याच पुण्याईवर त्याने मला धरलं. स्का-पंक म्हणजे काय, तर तालाची मात्रा जिथे पडते तिथे गिटारने गप्प बसायचं आणि दोन मात्रांच्या मधे खालून वर चक्क, चक्क करत तारा छेडायच्या. वर ट्रम्पेट, खाली बेस आणि ड्रमवाला मागे कुत्रं लागल्यासारखा पळत सुटलेला. "ब्रदर, अप! नॉट डाऊन, अप!" रोमेल ओरडायचा, जरी वर छेडायचं काम त्याचं एकट्याचंच होतं.

ट्रम्पेटला सदा. कागलजवळचा वेल्डर, घरात तीन पिढ्यांची बँडपार्टी. रोमेलने मोबाइलवर पहिलं गाणं ऐकवलं तेव्हा सदा दोन मिनिटं मान हलवत राहिला आणि म्हणाला, "आरं, ही तर आमचीच वरात की. फकस्त घोडं उधळलंय." आणि ड्रमला अस्लम, महाडचा, परांची बांधणारा. ड्रम त्याने कधी शिकले नव्हते. वीस वर्षं लोखंडी पाइप ठोकून त्याच्या हाताला आपोआप लय आली होती.

जागा म्हणून लाँड्रीमागचा रिकामा कंटेनर मिळाला. इन्सुलेशनवाल्यांकडे उरलेल्या रॉकवूलच्या लाद्या आम्ही आतून ठोकल्या. आवाज थोडा कमी झाला आणि अंगाला खाज जास्त सुटली. शुक्रवारी दुपारी वाजवायचो. तिसऱ्याच शुक्रवारी रात्रपाळीच्या लोकांनी तक्रार केली, आमची झोप मोडते म्हणून. चौथ्या शुक्रवारी दारात पांढरं हेल्मेट उभं राहिलं.

आम्ही वाजवायचे थांबलो. रोमेलने गिटारचा पट्टा काढायलाच सुरुवात केली. आता खलास, हे सगळ्यांना कळलं होतं.

सेफ्टीसाहेबांनी खिशातून आवाज मोजायचं मीटर काढलं. "वाजवा."

वाजवलं.

"अठ्ठ्याण्णव. परमिट कुणाकडे आहे?"

परमिट कुणाकडेच नव्हतं. गाणं वाजवायला परमिट लागतं हे त्या दिवसापर्यंत जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनाही नसावं. पण त्यांनी विचार करायला तीन दिवस घेतले. ठिणगी उडत नाही, म्हणजे गरम काम नव्हे. दार एकच, खिडकी नाही, हवा खेळत नाही, म्हणजे बंदिस्त जागा. तेव्हा बंदिस्त जागेचं परमिट. रात्रपाळीची पोटभर झोप झाल्यावर, दुपारी चारनंतर. कानात बोळे सक्तीचे. आत जाण्याआधी हवा तपासायची. आणि आत गेलेल्यांवर बाहेरून नजर ठेवायला दारात एक माणूस बसलाच पाहिजे. त्याला साइटवर होल वॉच म्हणतात.

शुक्रवारच्या सुटीत आमच्यासाठी उन्हात कोण बसणार? सेफ्टीसाहेब म्हणाले, "मी बसतो."

आणि दीड वर्ष बसले. नळीचं यंत्र आत सोडून ऑक्सिजन बघायचे. "वीस पॉइंट नऊ. जगाल," असं म्हणून आम्हाला आत सोडायचे. एकेकाची सही घेऊन मोठ्याने आकडा सांगायचे, "आत चार!" सुटलो की, "बाहेर चार!" मधला सगळा वेळ रंगाच्या रिकाम्या ड्रमवर, कंटेनरच्या पत्र्याला पाठ घट्ट टेकून, डोळे मिटून बसलेले. आमच्या बँडचं नाव काय असा प्रश्न आला तेव्हा कुणाला विचार करावाच लागला नाही. ते दर शुक्रवारी आमच्या कानावर पडतच होतं, आत चार.

जगात जिथे जिथे पंक वाजवतात तिथे ते नियम झुगारण्यासाठी वाजवतात, असं रोमेल सांगायचा. आम्ही बहुधा पृथ्वीवरचा पहिला पंक बँड असू ज्याच्या प्रत्येक तालमीच्या तीन प्रती निघत आणि त्यातली एक माझ्याच टेबलावर फाइल व्हायला येई.

गाणी आम्हीच बांधत होतो. मेसच्या डाळीवर एक, पहाटेच्या बसवर एक, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वेळेवर न करणाऱ्या कफीलावर, म्हणजे मालकावर, एक. हे शेवटचं आम्ही दार लावून, हळू वाजवायचो. सेफ्टीसाहेबांनी गाण्यांच्या ओळीही तपासायला मागितल्या, अर्थात लेखी. कफीलाचं गाणं त्यांनी न वाचल्यासारखं परत दिलं. पण अस्लमने परांचीवर एक गाणं लिहिलं होतं, त्यात नायक कमरेच्या पट्ट्याचा हुक लावून उंचावर चढतो. त्या ओळीला त्यांनी हिरव्या शाईने गोल केला.

"एक हुक नाही. दोन हुक. एक सोडताना दुसरा लागलेला पाहिजे."

"चाचा, चालीत बसत न्हाई," सदा म्हणाला.

"बसव. पडलेला माणूस चालीत बसत नाही."

अस्लमने चिडून, त्यांना चिडवायलाच, धृपद करून टाकलं. "एक सोडलास तर एक धर, दोन हुक भावा, दोन हुक!" झालं उलटंच. ते गाणं कॅम्पाने डोक्यावर घेतलं. कंपनीच्या सेफ्टी दिवसाला आठशे माणसांनी हात वर करून दोन हुक, दोन हुक म्हणत धूळ उडवली. बंगाली, नेपाळी, पठाण, सगळे. पाकिस्तानी क्रेनवाला माझ्या गळ्यात पडला. मॅनेजरने स्टेजवर येऊन आम्हाला चार जेवणाचे डबे बक्षीस दिले. बंडखोरीचा असा सरकारी सत्कार क्वचितच कुणाच्या वाट्याला येत असेल. सेफ्टीसाहेब खाली पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचा हात स्पीकरच्या लाकडी खोक्यावर सपाट ठेवलेला होता.

कौतुक करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. सदाच्या ट्रम्पेटबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. रोमेल गातो बरा की वाईट, यावर मत नाही. बोलायचे ते फक्त मला. तालीम संपली की "बाहेर चार" म्हणून झाल्यावर माझ्याकडे बोट करायचे. "तू आज दोन ठिकाणी लेट होतास." आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे मी खरंच असायचो. मला वाटायचं, बाकीचे हातावर पोट असलेले कारागीर, मी एकटा ऑफिसातला, म्हणून माझ्यावर डूख धरलाय.

'दोन हुक'चा व्हिडिओ मोबाइलवरून रियाधला पोचला. अल मलाझमध्ये कोकणातल्या लोकांची मोठी वस्ती, त्यांचं वर्षाचं स्नेहसंमेलन असतं. शहराबाहेर एक इस्तिराहा, म्हणजे हिरवळ आणि खोल्या असलेली जागा, भाड्याने घेतात, बिर्याणी होते, मुलं पळापळ करतात. तिथे आम्हाला बोलावणं आलं. त्याहून मोठी बातमी म्हणजे तिथे एक पाहुणा येणार होता. रियाधमध्ये हल्ली मोठमोठे जलसे होतात, त्यांत नव्या बँडना उभं करणारा. त्याच्या एका होकारावर आम्ही खऱ्या स्टेजवर जाणार होतो. सदाने घरी फोन करून वडिलांना सांगून टाकलं. तीन पिढ्या घोड्यापुढे चालून वाजवलेल्या घरातला माणूस पहिल्यांदाच थांबलेल्या लोकांसमोर वाजवणार होता.

पहिली दोन गाणी सुंदर झाली. मी खोटं सांगत नाही, एकाही ठिकाणी लेट नव्हतो. तिसरं 'दोन हुक'. लोक उठून उभे राहिले आणि पंधरा-वीस मुलं धावत पुढे येऊन स्पीकरच्या तोंडाशीच नाचायला लागली. एक चार वर्षांची पोरगी तर स्पीकरला गाल लावून उभी होती. पाहुण्याने मोबाइल वर धरलेला मी पाहिला. सदा डोळे मिटून वाजवत होता.

तेवढ्यात आमच्याबरोबर आलेले सेफ्टीसाहेब स्टेजवर चढले आणि त्यांनी हात वर केला.

आमचे हात आपसूक थांबले. दीड वर्षाची सवय. त्यांनी माइक घेतला. "एक सौ छे डेसिबल है. बच्चों को पंद्रह मीटर पीछे लीजिए." मग खिशातून कानात घालायच्या बोळ्यांचं खोकं काढून ते पालकांना वाटत सुटले. मुलांना मागे नेताना रडारड झाली. कुणी तरी हसलं, मग बरेच हसले. कुणी बिर्याणी लागली म्हणून ओरडलं. आम्ही स्टेजवर चार खांब होऊन उभे. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केलं तेव्हा समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि पाहुणा गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत फाटकाबाहेर चालला होता.

सकाळी परतीच्या व्हॅनमध्ये बसलो. मग सदा म्हणाला, "चाचा, एक गाणं. एकच गाणं हुतं ओ." त्याचा आवाज फुटला. रोमेल खिडकीकडे तोंड करून बसला. मला तो आवाज सहन झाला नाही आणि मी बोललो. सेफ्टीसाहेब पुढच्या सीटवरून मागे वळलेले होते, माझ्या तोंडाकडे बघत.

"तुम्हाला गाणं ऐकू येतच नाही," मी म्हटलं. "दीड वर्षात एकदा तरी ऐकलंत का? तुम्हाला फक्त मीटर दिसतं."



"बरोबर आहे," ते म्हणाले आणि पुढे वळून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही केवळ सवयीने कंटेनरपाशी जमलो. हवा तपासली, सह्या झाल्या, "आत चार!" झालं. वाजवलं काहीच नाही. अस्लम म्हणाला, गाणं थांबायला नको होतं, तुम्ही हात का थांबवले? सदा म्हणाला, तू का थांबवलेस? रोमेलने इंग्रजीत काही तरी म्हटलं, त्यावर अस्लमने बासवर लाथ घातली. बास म्हणजे त्याचाच मोठा ड्रम. एकेक करून सगळे सही न करताच बाहेर पडले. मी शेवटचा. सेफ्टीसाहेब दारात कागद आणि पेन पुढे करून उभे होते.

"बाहेर किती?" त्यांनी विचारलं.

"खलास," मी म्हटलं आणि मीही सही न करता निघून गेलो.

बँड मोडायला एवढं पुरेसं होतं, उरलेलं काम कॉन्ट्रॅक्टांनी केलं. दोन महिन्यांत सदाचं संपलं, तो कागलला गेला. अस्लमला ताबूककडे पाठवलं. रोमेल जेद्दाला. मला रियाधला नोकरी लागली. त्याआधी सेफ्टीसाहेबच गेले. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी चौदा फाइली घेऊन आले, प्रत्येकीवर अनुक्रमणिका. मी मिळाल्याचा शिक्का मारला. राग होताच, वर शरमही होती, म्हणून मान वर केली नाही. मान खाली घालूनच "सांभाळून जा" असं काहीतरी पुटपुटलो. ते क्षणभर थांबले आणि गेले.

हे सगळं परवा अल मलाझच्या घरी जेवताना मी बायकोला सांगत होतो. मुलगी मधेच म्हणाली, "बाबा, देन हू इज इनसाइड?" मी तिला जेव म्हटलं आणि दाभोळचा नंबर लावला.

त्यांच्या बायकोने उचलला. मी ओळख सांगितली, जरा त्यांना देता का, म्हटलं.

"फोनवर नाय हो आयकू येत त्यांना. तुमी लिवून धाडा, मी दावते."

"कधीपासून?"

"आता काय, पंदरा वर्सां झाली. जुबैलला जनरेटरवर व्हते ना, तवा कानात घालाया कोण देत व्हतं? बारीक आवाज सगळे गेले. घूं घूं तेवडं कळतं, ते पण पाठ टेकली तर. तुमाला म्हाईत नव्हतं? तुमी तर सोबत व्हतात."

मी म्हटलं, दरवर्षी कानाची तपासणी व्हायची की.

ती हसली. "मशीनवाल्याच्या हाताकडं बघून बटण दाबायचे. तीन पोरींची लग्नं व्हायची व्हती."

फोन ठेवला आणि मी जेवणावरून उठलो. माझ्या बेसचा स्पीकर कंटेनरच्या त्याच भिंतीला लावलेला असायचा, जिला ते बाहेरून पाठ टेकून बसत. दीड वर्ष त्या माणसाने आमच्या बँडमधलं एकच वाद्य ऐकलं, तेही पाठीच्या कण्याने, आणि ते माझं होतं. आणि व्हॅनमध्ये मी काय बोललो होतो. मला रडू आलं, ते मी बायकोपासून लपवलं नाही.

मग लिहायला बसलो. साहेब, कंटेनरचं परमिट उघडं आहे, आमची बाहेरची नोंद राहिली. विसरलात का?

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "विसरलो नाही."

मग?

"बंद केलं असतं तर कंटेनर दुसऱ्या दिवशी स्टोअरवाल्यांनी नेला असता. तुम्ही पोरं रागात होतात. राग उतरला की याल असं वाटलं, तर जागा हवी. हे नियमात बसत नाही. माहीत आहे."

ते वाचून मी कपाळाला हात लावला. आमच्या पंक बँडमध्ये साइटवरचा नियम जाणूनबुजून मोडणारा एकच निघाला, आणि तोही ड्रमवर बसणारा पण न वाजवणारा. मी लिहिलं, व्हॅनमध्ये बोललो त्याबद्दल माफ करा. दोन वर्षं उशीर झाला.

"तू नेहमी दोन ठिकाणी लेट असतोस," उत्तर आलं. "सही द्यायची की नाही तुझं तू ठरव. पण हेडकाउंट खरा दे."

मी बाकीच्या तिघांना कळवलं, सेफ्टीसाहेबांच्या कानासकट. सदाने लगेच लिहिलं, "म्या न्हाई सही करत जा." अस्लमने दोन हात जोडलेले पाठवले आणि खाली, दोन हुक. रोमेलचं उत्तर सकाळी आलं. ते फार लांब होतं आणि त्यात चार ठिकाणी ब्रदर होतं.

काल ऑफिसात पोचल्या पोचल्या मी रास अल खैरला मेल केली. चौघांशी बोलणं झालं आहे. चौघेही अजून आत आहेत. तरी कंटेनर हलवू नये. प्रत माहितीसाठी, परमिट देणारे.

त्या बिचाऱ्या ऑफिसरचं काय झालं असेल देव जाणे. पाच मिनिटांत मोबाइल वाजला, पण मेसेज दाभोळहून होता.

"आत चार, नोंद केली. होल वॉच कोण? बाहेर माणूस नसेल तर आत थांबता येत नाही."

मी लिहिलं, "तुम्ही."